दात ठीक आहेत

लग्न होऊन चौलला आले तेव्हा मला मासे साफ करता येत नव्हते. माझं माहेर माणगावच्या बाजूचं, भातशेतीचं. आमच्याकडे मासे म्हणजे बाजारच्या दिवशी आणलेले सुके बोंबील, नाहीतर पावसात शेतात चढलेले. सासरी रोज ताजी मासळी दारात यायची आणि नवी सून पापलेटाला हात लावताना डोळे मिटते, ही शेजारच्या बायकांची फुकटची करमणूक होती. सासूबाई माझ्या लग्नाआधीच गेलेल्या. घरात नवरा आणि सासरे. सासऱ्यांना मी मामा म्हणते, आमच्याकडे तशीच रीत आहे. एकदा विळीवर माझी चाललेली झटापट मामा ओट्यावरून बघत होते. त्यांनी मला हाक मारली आणि हातात पाना दिला. म्हणाले, "मासली ऱ्हाऊ दे बाय, ती मी करतो. तू चेन साफ कर."

चेन म्हणजे त्यांच्या तीनचाकीची. तरुणपणी मामा होडीवर जायचे. जाळं ओढताना दोराचा फास पायात अडकला आणि डावा पाय गुडघ्याखाली गेला. होडी सुटली. मग त्यांनी एक जुनी मोटारसायकल घेतली, रेवदंड्याच्या वाटेवरच्या वेल्डरकडून तिचा मागचा भाग कापून घेतला आणि तिथे दोन चाकांवर लोखंडी हौदा बसवला. गिअर पायाने टाकता येत नव्हता म्हणून हाताशी एक दांडी जोडली. पुढून बघितलं तर मोटारसायकल, मागून बघितलं तर हातगाडी. पोलीस तिच्याकडे बघायचे, मामांच्या पायाकडे बघायचे आणि दुसरीकडे बघायचे.

या गाडीवर मामा पहाटे बंदरावर जायचे. ओहोटी असली की ओल्या वाळूतून थेट होड्यांपर्यंत. लिलाव झाला की कोळणींच्या पाट्या हौद्यात, पाट्यांवर बर्फ, बर्फाशेजारी कोळणी. मग चढण चढून सगळ्यांना बाजारात सोडायचं. होडीवरून उतरवलेल्या माणसाला दर्याकाठी अशी जागा सहसा मिळत नाही. मामांनी ती मिळवली होती. अंधार फिटायच्या आत फाटकाशी हाक यायची, "काका, चला!" आणि ही हाक ऐकली की एका पायाचा तो माणूस दोन पायांच्या माझ्या नवऱ्यापेक्षा चपळ व्हायचा.

गाडीत एकच दुखणं होतं. इंजिनापासून मागच्या आसापर्यंत हौद्याखालून एक लांबलचक चेन जायची. चेन ज्या दातेरी चाकांवर फिरते त्यांना मिस्त्री लोक स्प्रॉकेट म्हणतात. मामा म्हणायचे चक्री. पुढची लहान, मागची मोठी. साध्या मोटारसायकलची चेन एक-दोन माणसं ओढते, हिला दहा पाट्या आणि त्यांच्या मालकिणी ओढाव्या लागत. वरून मासळीचं खारं पाणी ठिबकायचं, खालून वाळू उडायची. वाळू आणि मीठ तेलात मिसळलं की त्याचा खरकागद होतो, मग चेन फिरेल तितकी चक्री घासत जाते. म्हणून मामांचा नियम होता की बंदरावरून आलं की आधी गोड्या पाण्याने चेन धुवायची, फडक्याने कोरडी करायची, मग बोटभर तेल. जळकं ऑइल ओतून मोकळं होणाऱ्यांचा त्यांना राग यायचा. पण ही मोठी चक्री हौद्याच्या बरोबर पोटाखाली. ती बघायला जमिनीवर उताणं पडून आत सरकावं लागे आणि मामांना नकली पायाने खाली बसताच येत नसे, मग आडवं होणं तर दूरच. लग्नाआधी हे काम नवरा करायचा, म्हणजे करायचा नाही. मी आले आणि ते माझ्याकडे आलं.

मला ते आवडायला लागलं, हे लपवून काय उपयोग? पहिले काही दिवस नवी सून गाडीखाली लोळते म्हणून आळीत चर्चा झाली. मी ऐकून घेतलं. साडी सोडून जुना गाऊन चढवला आणि लोळले. हौद्याखाली कुणी मला "मासे येत नाहीत वाटतं" म्हणत नव्हतं. मामा ओट्यावर बसून सांगायचे आणि मी आतून करायचे. आस मागे सरकवून चेन ताणायची कशी, कडी जाम झाली तर बोटाला कशी कळते, असं सगळं. नव्या चक्रीचे दात रुंद आणि बुटके असतात. झिजत गेले की ते बारीक होतात आणि शेवटी एका अंगाला कलतात. तेव्हा चेन, पुढची चक्री, मागची चक्री, सगळं एकदम बदलायचं. नुसती चेन बदलली तर जुनी चक्री नव्या चेनला खाऊन टाकते. माझ्या माहेरी कोणाला मी हे सांगायला लागले की ते माझ्या तोंडाकडे बघायचे आणि जेवायला वाढायचे.

मामांचे कान हा एक वेगळाच प्रकार होता. ओट्यावर बसून ते रस्त्याने जाणाऱ्या गाड्या ओळखायचे. कोणाचा ब्रेक घासतोय, कोणाची चेन सैल आहे, कोणाच्या इंजिनात तेल कमी पडलंय. लोक थांबून विचारून जायचे. डोळ्यांचं मात्र हळूहळू बिनसत गेलं. एका डोळ्यात मोतीबिंदू, दुसऱ्यात त्याहून वाईट काही, ज्याला ऑपरेशनचा उपयोग नाही असं अलिबागच्या डॉक्टरांनी सांगितलं. मामा म्हणाले, रस्ता मला पाठ आहे. आणि खरंच होता. पाठ नव्हती ती रस्त्यावरची माणसं.

माझी मुलगी तेव्हा प्राथमिक शाळेत जायची. एका सकाळी शाळेला निघाली ती पाचच मिनिटांत हसत परत आली. तिच्या दप्तराचा बंद तुटला होता. देवळाच्या वळणावर आजोबांची गाडी तिला इतकी चाटून गेली की हौद्याच्या कडेत बंद अडकून तटकन तुटला. ती हसत होती कारण तिने "आजोबा!" म्हणून हात केला आणि आजोबांनी ओळखलंच नाही. मी तिला पोटाशी धरलं, ते कशासाठी हे तिला कळलं नाही. म्हणाली, "आई, बंद शिवून देशील ना?" मी बंद शिवत बसले आणि सुई दोनदा बोटात घुसली.

रात्रपाळी करून नवरा कारखान्यातून आला तेव्हा मी सांगितलं. तो न्हाणीत बराच वेळ तोंडावर पाणी मारत राहिला. बाहेर येऊन म्हणाला, "बाबांना आता थांबायला सांगायला पाहिजे."

"मग सांग."

"मी? मी सांगितलं तर ते उद्यापासून जेवणार नाहीत. तू सांग. तुझं ऐकतात."

मांजराच्या गळ्यात घंटा कोणी बांधायची, हा उंदरांचा प्रश्न आमच्या घरात त्या दिवशी आला आणि मुक्कामाला राहिला. नवरा म्हणायचा तू, मी म्हणायचे तू. मी दोन-तीनदा तोंड उघडलंही. पण मी समोर जाऊन उभी राहिले की मामा म्हणायचे, "बाय, तू चेन ताणलीस ना, मऊ लोण्यावानी चालली आज गाडी." असं कोणी म्हटल्यावर त्याला "उद्यापासून गाडी बंद" कसं सांगायचं? मी भित्री आहे. हे मला आधी माहीत नव्हतं, कारण मी तोंडाने फटकळ आहे आणि फटकळ माणसांना आपण धीट आहोत असं वाटत असतं.

अशात खंडेनवमी आली. त्या दिवशी आमच्याकडे घरातली सगळी हत्यारं बाहेर निघतात. कोयता, कुऱ्हाड, विळी, पाने, हातोडी. ती धुऊन पाटावर मांडायची, हळदकुंकू वाहायचं, फूल ठेवायचं, आणि मग दसऱ्याला पूजा उतरेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. गाडीचीही पूजा व्हायची. त्यासाठी आदल्या दिवशी चेन काढून डिझेलमध्ये बुडवून ठेवायची आणि चक्री ब्रशने चकचकीत करायची, ही वर्षातली मोठी सफाई. मामांना तो दिवस म्हणजे सणाच्या आधीचा सण. ओट्यावर खुर्ची घालून ते बसायचे, मी हौद्याखाली जायचे, आणि सफाई झाली की ते विचारायचे, "दात कसं हायत गो?"

त्या वर्षी ब्रश फिरवता फिरवताच मला दिसलं. रोजच्या चिखलातेलात ते झाकलेलं असायचं, पण डिझेलने धुतल्यावर लपायला जागा उरली नाही. भातकापणीच्या विळ्याला असतात तसे दात झाले होते. बारीक, टोकदार, सगळे एकाच बाजूला कललेले. आसाचा बोल्टही पार शेवटच्या टोकाला आलेला. चेन आता आणखी ताणायला जागाच नव्हती. गाडी थांबवा असं सांगणाऱ्या जितक्या खुणा मामांनी मला शिकवल्या होत्या, तितक्या सगळ्या माझ्या नाकासमोर होत्या.

"दात कसं हायत गो?"

तेव्हा माझ्या मनात काय आलं ते मला आजही स्वच्छ आठवतं. हे असंच राहू दे. एक दिवस चेन उतरेल, अंगणातच उतरेल, गाडी काही हलायची नाही. इतक्या जुन्या गाडीचे भाग कुठे मिळणार असं नवरा म्हणेल, आणि गाडी आपोआप थांबेल. कोणी काही बोलायला नको, कोणी वाईट व्हायला नको. सुंठीवाचून खोकला जाईल.

मी म्हटलं, "ठीक आहेत, मामा."

"झिजलं न्हायत?"

"नाही. अजून पुष्कळ चालतील."

"तुझी नजर हाय म्हणून बरं," असं म्हणून ते पाटावर पाने मांडायला लागले. दुसऱ्या दिवशी पूजा झाली. मामा हळदकुंकवाची वाटी घेऊन गाडीशी आले, दांडीला लावलं, दिव्याला लावलं. खाली त्यांना वाकता येईना म्हणून वाटी माझ्याकडे दिली. म्हणाले, "चक्रीला लाव. सगळं तिच्यावरच हाय." मी परत हौद्याखाली गेले आणि त्या वाकड्या दातांना हळदकुंकू लावलं. बोटाला एक टोक लागलं. इतकं सगळं करताना मला लाज वाटत होती का? वाटत होती. पण मुलीच्या दप्तराचा बंद मी त्या लाजेवर पांघरूण म्हणून घालत होते, आणि ते पुरत होतं.

अंगणात चेन उतरली नाही. दिवाळीच्या सुमाराला मामा एका सकाळी बंदरावरून आले ते मान तिरकी करून. "बाय, चढनीला कट कट वाजतंय. चेन उडी मारते वाटतं."

मी म्हटलं, "मी परवाच ताणली." ती खोटी गोष्ट होती. ताणायला जागाच नव्हती.

त्यांचं समाधान होईना. त्यांनी मला हौद्यात बसवलं आणि आमच्याच वाडीजवळच्या चढणीवर गाडी घेतली. "आता ऐक. ऐक हां." आणि मला ऐकू आलं. कट. मग थोडं थांबून परत कट. चेन झिजलेल्या दातावरून घसरून पुढच्या दातावर पडत होती. बहिऱ्यालाही बुडाखाली जाणवलं असतं. मामांनी वर जाऊन गाडी थांबवली, मागे वळून माझ्याकडे बघितलं, म्हणजे माझ्या आवाजाच्या दिशेने बघितलं. "आलं का ऐकू?"

तेव्हासुद्धा सांगता आलं असतं. पण एक खोटं बोललं की दुसरं त्याच्या मागे हात धरूनच येतं. आता खरं सांगायचं म्हणजे खंडेनवमीचंही सांगावं लागलं असतं.

"मला तर काहीच नाही आलं ऐकू," मी म्हटलं. "हौद्याचा पत्रा वाजत असेल, मामा."

"पत्रा," असं ते एकदा स्वतःशीच म्हणाले. दुसऱ्या दिवशी वेल्डरकडे जाऊन त्यांनी हौद्याचे सगळे बोल्ट आवळून आणले. आयुष्यभर ज्या कानांवर त्यांनी गाडी चालवली, ते कान त्यांनी माझ्या एका वाक्यावर बाजूला ठेवले. आणि तरीही मी काही सांगितलं नाही. अंगणात उतरेल, अंगणात उतरेल, असं घोकत होते. गाडीवर माणसं बसतात, पाट्या भरून बसतात, चढणीवर चेन सुटली की इंजिनाचा धरच सुटतो आणि गाडी मागे धावते, हे मला कळत नव्हतं असं नाही. सगळं मामांनीच शिकवलेलं होतं. मी ते मनात येऊच दिलं नाही.

दिवाळी होऊन थोडे दिवस झाले आणि शेजारचा मुलगा मोटारसायकलवर अपघाताची बातमी घेऊन आला. मी होते तशी मागे बसले आणि बंदरावर गेले. चढणीच्या पायथ्याशी, जिथे रस्ता संपून वाळू सुरू होते, तिथे तीनचाकी एका चाकावर कलून पडली होती. पाट्या उलटलेल्या, बांगडे वाळूत, बर्फाचे खडे सगळीकडे. अर्ध्या चढणीवर चेन उडाली होती आणि गाडी भरल्या हौद्यासकट उलटी खाली आली होती. मामांनी हातातला ब्रेक दाबून दाबून ती डावीकडे वाळूत घातली, म्हणून उजवीकडच्या दगडांवर गेली नाही. बायका सगळ्या उठून उभ्या होत्या, लुगडी झाडत होत्या. एक म्हातारी कोळीण तेवढी खाली बसली होती, एक हात दुसऱ्या हातात धरून. तिचं मनगट मोडलं होतं. मामांच्या गाडीवर अगदी पहिल्या दिवसापासून बसणारी तीच.

मामा तिच्यासमोर वाळूत बसले होते. त्यांचा नकली पाय निघून बाजूला पडला होता आणि त्यांना त्याचं भान नव्हतं. इतक्या वर्षांत मी त्यांना पायाशिवाय लोकांमध्ये कधी बघितलं नव्हतं.

"चेन गेली काका," कोणीतरी म्हणालं. "जुनी गाडी, व्हायचंच. तुमचा काय दोष?"

"दोष माझाच," मामा म्हणाले. "वाजत व्हतं. मना वाटलं पत्रा. कान गेलं रं माझं. डोलं गेलं तवाच थांबाया पायजे व्हतं, पन मना वाटलं कान हायत." मग त्यांनी त्या म्हातारीपुढे दोन्ही हात जोडले. "बाय, माफ कर. मना ऐकूच आलं न्हाय."

म्हातारी कळवळत होती तरी चिडली. "हात खाली कर आधी! तू व्हतास म्हणून वाचलू, न्हायतर दगडावर गेलू असतू." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "ने गो याला घरी. देवमाणूस हाय तुझा सासरा."

मी खाली वाकून मामांचा पाय उचलला, वाळू झटकली आणि पट्टे बांधून दिले. त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि उठले. तो हात मला सहन होत नव्हता, आणि तो काढून घेतला असता तर तेही सहन झालं नसतं.

माणसांनी गाडी दोर लावून घरापर्यंत ओढत आणली आणि मांडवाखाली ढकलून दिली. मामांनी मिस्त्रीला बोलावू दिलं नाही. म्हणाले, आता काय बघायचं, चेन तुटली, संपलं. गाडीवर ताडपत्री घातली गेली. म्हणजे मला पाहिजे होतं ते सगळं, अगदी जसंच्या तसं झालं. कोणाला काही बोलावं लागलं नाही. नवरा एका संध्याकाळी चहा पिता पिता म्हणाला, "चला, बरं झालं. मोठं काही न होता सुटलो. आपल्याला तोंड उघडायची वेळच नाही आली." मी त्याच्याकडे इतक्या रागाने बघितलं की तो कप घेऊन बाहेर गेला. रागावण्याचा मला काय अधिकार होता? तो जे मोठ्याने बोलला, तेच तर मी मनात ठरवलं होतं.

म्हातारीचं मनगट जुळायला बराच काळ गेला. त्या मोसमात तिला पाटी उचलता आली नाही, तिची सून बाजारात बसली. मी डबा घेऊन जायचे. ती मला माझ्या सासऱ्याचे जुने किस्से सांगायची आणि जाताना एका हाताने सुकट बांधून द्यायची. ती पुडी मी तिच्याकडे न बघताच घ्यायचे. ती म्हणायची, "कामाने दमलीस गो."

पण खरी शिक्षा घरात होती. मामा ओट्यावर बसायचे, पण रस्त्याने जाणाऱ्या गाड्यांबद्दल काही बोलायचे नाहीत. कोणी थांबून विचारलंच, "काका, बघा बरं, कसला आवाज येतोय," तर हसून म्हणायचे, "मना काय इचारतो, मिस्त्रीकडे जा." आणि मग त्यांनी प्रत्येक आवाजाबद्दल मला विचारायला सुरुवात केली. कुकर, फाटक, फोन. "बाय, कुकरची शिटी झाली गो? का मनाच वाटतं?" "झाली, मामा." "कोन हाक मारतंय काय?" "हो, पोस्टमन आहे." "हां. मग व्हय." पहाटे तर त्यांना फाटकाशी हाक ऐकू यायची. ते उठून बसायचे आणि माझ्या खोलीच्या दिशेने हळूच विचारायचे, "काका, चला असं म्हनलं का कोनी?" तेवढी एकच हाक खरी नसायची. मी "नाही" म्हटलं की ते परत आडवे व्हायचे. त्या "नाही" मध्ये आणि माझ्या आधीच्या "नाही" मध्ये त्यांना फरक कळत नव्हता, आणि मला दिवसभर तेवढाच फरक कळत असायचा.

मी सांगायचं ठरवलं नाही असं नाही. किती वेळा ओट्यापर्यंत गेले. तोंडात वाक्य तयार असायचं, "मामा, तुमचे कान बरोबर होते." एवढंच सांगायचं होतं. पण कान बरोबर होते म्हटलं की मग मी काय होते, हा प्रश्न येणारच. आणि मामा तर माझ्यावर आधीपेक्षा जास्त विसंबायला लागले होते. औषधाच्या गोळ्या मी हातावर ठेवीन तशा गिळायचे, कुठली म्हणून विचारायचे नाहीत. चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं माझं झालं होतं. ते नुसतं "बाय" म्हणाले तरी मला वाटायचं, कळलं. त्यांना काहीच कळलेलं नसायचं. पाणी पाहिजे असायचं.

पुढच्या पावसाळ्यात ताडपत्री फाटली आणि गाडी गंजायला लागली. पुढे उन्हाळ्याच्या तोंडावर मांडवात सुपारी वाळत घालायला जागा हवी होती. मामा स्वतःच म्हणाले, भंगारवाल्याला बोलवा. त्यांचा आवाज अगदी साधा होता. भंगारवाला आला तो सकाळच्या वेळी. नवरा पहिल्या पाळीला गेलेला, मुलगी शाळेत. मी आत चहा टाकला. अंगणात हातोडी वाजत होती. त्याने हौदा सोडवला, आस बाहेर ओढला, आणि सुटे भाग एकेक करून ओट्याच्या कडेला ठेवत गेला. मामा तिथेच बसलेले. मला तेव्हाही सुचलं नाही. सगळं संपलं, आता कुठे काय उरलंय, असंच मला वाटत होतं.

मी चहा घेऊन दारात आले तेव्हा मोठी चक्री मामांच्या मांडीवर होती.

त्यांना ती दिसत नव्हतीच. ते मान वर करून समोर कुठेतरी बघत होते आणि अंगठा दातांवरून फिरवत होते. एकेका दातावर थांबत, सावकाश, सगळा वेढा पूर्ण केला. मग उलट्या बाजूने अंगठा फिरवायला गेले आणि तो अडकला. कललेल्या दातांवरून एका बाजूने बोट सरकतं, दुसऱ्या बाजूने अडकतं. हेही त्यांनीच मला शिकवलं होतं. त्यांनी अंगठा काढला, चोळला आणि परत त्याच दातावर ठेवला. खंडेनवमीला ठीक असलेले दात एका महिन्यात असे होत नाहीत. दोन महिन्यांतही होत नाहीत. हे त्यांना जितकं ठाऊक होतं तितकं या आळीत दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं, माझ्याशिवाय.

भंगारवाला म्हणाला, "चाचा, ये भी देना है ना?"

मामांनी चक्री त्याच्याकडे दिली. पंच्याला हात पुसले. मी जवळ जाऊन कप त्यांच्या हातात ठेवला, आणि तो त्यांनी घेतला. आता विचारतील, आता विचारतील म्हणून मी उभी राहिले. विचारलं असतं तर मी सगळं सांगितलं असतं, शपथेवर सांगते. त्यांनी एक घोट घेतला, मान जराशी तिरकी केली, जशी ते पूर्वी करायचे.

"मोटर हवा ओढते," ते म्हणाले. "बंद कर."

वाडीतल्या विहिरीवर मी सकाळीच पंप लावून ठेवला होता. मला काहीच ऐकू येत नव्हतं. मी नीट कान दिला, तेव्हा सुपारीच्या झाडांमागून आवाज आला. पाणी तळाला गेलं होतं आणि मोटर कोरडीच फिरत होती. त्यांनी "वाजतंय काय" असं विचारलं नव्हतं. पुढे "गो" नव्हतं, मागे "बाय" नव्हतं.

मी जाऊन मोटर बंद केली. परत आले तेव्हा रिकामा कप ओट्यावर होता आणि मामा रस्त्याकडे तोंड करून बसले होते. एक गाडी समोरून गेली. तिच्या मालकाला त्यांनी हाक मारून सांगितलं की मागचा ब्रेक घासतोय. त्यांचे कान त्यांना परत मिळाले होते. तेव्हापासून मामा मला कुठल्याच आवाजाबद्दल विचारत नाहीत, आणि गोळी हातावर ठेवली की ती तोंडात टाकायच्या आधी बोटाने चाचपून बघतात.